एका ठरावाची बखर : अमेरिकन व्हिस्की युरोपात नेमकी कशी पोहोचली?

थ्रेड. विषय मद्याचा असला तरी हा मद्याचा प्रचार नव्हे. विषय करांचा आहे, कागदांचा आहे आणि इतिहासाच्या नावाखाली खपणाऱ्या जाहिरातींचा आहे. लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

‘१९६४ साली अमेरिकी काँग्रेसने बर्बनला राष्ट्रीय पेयाचा दर्जा दिला आणि मग ही अस्सल अमेरिकन व्हिस्की स्वतःच्या गुणांच्या बळावर युरोप जिंकत गेली’, या आशयाची चित्रे आणि रील आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. काहींनी ती पुढेही धाडली असतील. वाक्य एकच, पण त्यात जवळजवळ काहीच खरे नाही. त्या वर्षी राष्ट्रीय पेय म्हणून काहीही घोषित झाले नाही. जे झाले तो कायदा नव्हता. आणि युरोपचा दरवाजा त्या कागदाने उघडलेला नाही.

बखरीवर आंधळा विश्वास ठेवू नका, अस्सल कागद पाहा, असे वि. का. राजवाड्यांनी बजावून शंभराहून अधिक वर्षे लोटली. शिवकाल आणि पेशवाईच्या बाबतीत हा धडा आपण निदान तोंडाने तरी मान्य करतो. एखादे पत्र कोणी डकवले की ‘मूळ कुठे आहे? मोडी कोणी वाचली?’ असे विचारणारे तरुण येथे ढिगाने आहेत. तेच तरुण बाटलीवरचे लेबल मात्र ताम्रपट असल्यासारखे वाचतात. लेबल ही कंपनीची बखर असते. तीही आश्रयदात्याची कीर्ती गाण्यासाठीच लिहिलेली असते, आणि तिचा आश्रयदाता अजून जिवंत असतो, हा तिचा अधिकचा दोष.

नमुना म्हणून एलायजा क्रेगची कथा घ्या. या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने १७८९ मध्ये बर्बन ‘शोधली’ म्हणतात. तिचा आधार काय? पाऊणशेहून अधिक वर्षांनी, १८७४ मध्ये छापलेल्या केंटकीच्या एका इतिहासग्रंथातील एक त्रोटक नोंद. क्रेगच्या नावाची बाटली बाजारात आली १९८६ मध्ये. बाटली आल्यावर कथेला जे बळ चढले ते नोंदीने तिला कधीच दिले नव्हते. पण क्रेगमहाशयांना येथेच सोडू; ते निरुपद्रवी आहेत. १९६४ ची थाप तशी निरुपद्रवी नाही, कारण तिच्याआड आयातनिर्यातीच्या राजकारणाचा एक मोठा पट झाकला जातो.

तो पट उलगडायचा तर केंटकीतून थेट जर्मनीच्या किनाऱ्यावर, ब्रेमेन आणि हँबुर्गच्या धक्क्यांवर जावे लागते. काळ १८८० चे दशक.

अमेरिकेत तेव्हा व्हिस्कीवर गॅलनमागे ९० सेंट अबकारी कर होता. हा दर १८७५ पासूनचा. खुद्द व्हिस्की गाळण्याच्या खर्चापुढे ही रक्कम फार मोठी होती. म्हणजे पिंपात जे पडून असे त्यात धान्याच्या किमतीपेक्षा सरकारचे देणेच अधिक. हे देणे लगेच चुकवावे लागू नये म्हणून बॉन्डेड गोदामांची सोय होती. सरकारी कुलपाखाली माल ठेवावा, तो मुरू द्यावा आणि बाहेर काढताना कर भरावा. ही मुदत आधी एका वर्षाची होती, १८७९ मध्ये ती तीन वर्षांची झाली.

मुदत वाढल्याचा आनंद भट्टीवाल्यांना इतका झाला की त्यांनी बेसुमार गाळप केले. मग तीन वर्षे भरत आली. गिऱ्हाईक नाही, भाव पडलेले, आणि सरकार दारात उभे. माल विकला जावो वा न जावो, गॅलनमागे ९० सेंट रोख मोजणे भाग. मुदत आणखी वाढवून घेण्याचे प्रयत्न काँग्रेसमध्ये फसले. आपल्याकडे शेतसारा भरण्याची वेळ आणि धान्याचा पडलेला भाव एकत्र आल्यावर कुळाची जी गत होई, तीच येथे भांडवलदाराची झाली. फरक इतकाच की कुळाकडे जहाज नव्हते.

कायद्यात एक फट होती. निर्यात होणाऱ्या मालावर अबकारी कर लागत नसे. तेव्हा पिंपे जहाजांवर चढली. काही बर्म्युडाला गेली, बरीच ब्रेमेन आणि हँबुर्गला. हीच बंदरे का? कारण ही दोन्ही शहरे १८८८ पर्यंत जर्मन जकातसंघाच्या बाहेर होती. तेथे माल उतरवून, कुणालाही जकात न देता, गोदामात ठेवता येई. पिंपे समुद्र ओलांडून गेली, परक्या गोदामात मुरत पडली आणि बाजार सुधारल्यावर पुन्हा समुद्र ओलांडून मायदेशी आली. परत येताना अबकारी कराइतकेच आयातशुल्क द्यावे लागे. म्हणजे कर चुकत नव्हता, लांबत होता. दोन वेळच्या जहाजभाड्यानेही हा सौदा परवडत असे, यावरूनच कराचे ओझे किती होते ते ध्यानी यावे.

साधनचिकित्सेचा मुद्दा आता येतो. त्या दशकातील अमेरिकेच्या निर्यातीचे आकडे कोणी नुसते चाळले तर जर्मनांना बर्बनची केवढी गोडी लागली होती, असे त्यास वाटेल. प्रत्यक्षात त्यातील पुष्कळशा मालाचे बूचसुद्धा जर्मनांनी काढले नव्हते. युरोप हा त्या व्हिस्कीचा बाजार नव्हता, ते तिचे परदेशी कोठार होते. १८९४ मध्ये मुदत आठ वर्षांची झाली (कर त्याच वेळी एक डॉलर दहा सेंटवर गेला) आणि या सागरी तीर्थयात्रेचे मुख्य कारणच संपले.

मध्यंतरीची पन्नास वर्षे झरझर ओलांडू. १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे. त्या काळात केंटकीची काही गाळपविद्या सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत, हुआरेझ शहरात गेली आणि तेथे बर्बन बनू लागली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग दुसरे महायुद्ध, त्यात अमेरिकी भट्ट्या युद्धोपयोगी अल्कोहोलकडे वळवल्या गेल्या.

१९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. शेनली कंपनीचे सर्वेसर्वा लुईस रोझनस्टील यांना वाटले, आता पुन्हा भट्ट्या युद्धाकडे जाणार, व्हिस्कीचा दुष्काळ पडणार. त्यांनी अहोरात्र गाळप करून गोदामे भरली. युद्ध १९५३ मध्ये थांबले. दुष्काळ पडला नाही. पडला तो मालाचा डोंगर. १९५१ पासून कर होता प्रमाणित गॅलनला साडेदहा डॉलर, आणि आठ वर्षांची मुदत १९५८ च्या सुमारास भरत होती.

ओळखीचे वाटते ना? ब्रेमेनच्या वेळचेच नाटक, पात्रे नवी. यावेळी मात्र जहाजे लागली नाहीत, कारण रोझनस्टील यांना कायदाच वळवता आला. १९५८ च्या फोरँड कायद्याने बॉन्डची मुदत आठ वर्षांवरून वीस वर्षांवर नेली. कराची घंटा लांबली, पण डोंगर होता तेथेच होता. तो खपवायचा कोठे? त्याच वर्षी रोझनस्टील यांच्या पुढाकाराने बर्बन इन्स्टिट्यूट स्थापन झाली. देशात आणि परदेशात बर्बनचा बाजार वाढवणे हे तिचे काम. स्कॉचला स्कॉटलंड आहे, कोन्याकला कोन्याक आहे. बर्बनला मात्र कोणीही कोठेही बनवू शकतो, ही त्यांची अडचण. हुआरेझमध्ये तर ती बनतच होती आणि सरहद्द ओलांडून अमेरिकेत येत होती.

आता १९६४ च्या त्या कागदाकडे वळू. त्यात काय लिहिले आहे? अमेरिका आयात मद्यांच्या उगमनामांना मान्यता देते. स्कॉच हे स्कॉटलंडचे, कोन्याक हे फ्रान्समधील त्या प्रदेशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून ती ओळखते. त्याच न्यायाने बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन होय. सबब ‘बर्बन’ नावाची व्हिस्की बाहेरून देशात येऊ नये यासाठी संबंधित खात्यांनी पावले उचलावीत. संपले. राष्ट्र नाही, अभिमान नाही, पूर्वजांचे स्मरण नाही. आयात अडवण्याची ती एक विनंती आहे, तीही एका व्यापारी मंडळाच्या खटपटीतून आलेली. ‘अमेरिकेचा देशी आत्मा’ छापाची भाषा सिनेटच्या कागदावर आली २००७ मध्ये, सप्टेंबर महिना बर्बनच्या वारशासाठी राखून ठेवणाऱ्या एका गौरवपर ठरावात. त्रेचाळीस वर्षांनंतरचा गौरव आधीच्या जकातीच्या कागदाला चिकटवून आपण त्याला इतिहास म्हणत आहोत.

शिवाय तो दोन्ही सभागृहांचा समवर्ती ठराव होता. अमेरिकी पद्धतीत असा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी जात नाही आणि त्याला कायद्याचे बळ नसते. अमेरिकी खात्यांनी तो मानला, नियम केले, हे खरे. पण पॅरिस वा बॉनमधील जकात अधिकाऱ्याच्या लेखी त्याची किंमत कोऱ्या कागदाइतकीच होती.

त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट या रीलवाल्यांना ठाऊकच नसते, आणि तीच अधिक बोलकी आहे. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकन कोंबड्यांवरील आयातशुल्क वाढवले. प्रत्युत्तर म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, हलके ट्रक आणि महागडी ब्रँडी यांवर जबर शुल्क लावले. ब्रँडीचे शुल्क गॅलनला सव्वा डॉलरवरून पाच डॉलरवर गेले. अंमल सुरू झाला जानेवारी १९६४ मध्ये. म्हणजे जानेवारीत अमेरिकेने युरोपच्या कोन्याकला कोंबडीसाठी ओलीस धरले आणि मे महिन्यात कोन्याकचाच दाखला देऊन आपल्या बर्बनसाठी संरक्षण मागितले. (ट्रकवरचे ते २५ टक्के पुढे साठ वर्षे टिकले. कोंबड्या केव्हाच विसरल्या गेल्या.)

युरोप तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होता? फ्रान्समध्ये द्राक्षे आणि फळे यांपासूनच्या मद्यांना एक कर आणि धान्यापासूनच्या मद्यांना त्याहून जड कर, अशी व्यवस्था होती. कोन्याक, आर्मान्याक, कॅल्व्हाडोस एका बाजूला. व्हिस्की आणि जिन दुसऱ्या. जाहिरातीचाही तोच न्याय, धान्यमद्यांची जाहिरात बंद आणि देशी मद्यांना बरीच मोकळीक. फेब्रुवारी १९८० मध्ये युरोपीय न्यायालयाने ही करव्यवस्था भेदभावाची ठरवली, जुलैमध्ये जाहिरातीचे नियमही. खटल्यांच्या मुळाशी समुदायातील देशांचा माल, मुख्यतः स्कॉच होती; परंतु धान्यमद्य हा वर्गच कराने दाबलेला असल्यामुळे त्याच वर्गात बसणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीवरही तो भार होता. १९६४ च्या ठरावाने यातली एक वीटही हलली नव्हती.

समोरच्या बाजूला अमेरिकेने स्वतःची एक खुबीदार भिंत बांधली होती. तिचे नाव ‘वाइन गॅलन’. देशी व्हिस्कीवर कर लागे तो तिच्यातील प्रत्यक्ष मद्यार्काच्या मापाने. आयात बाटलीतील मद्य पाणी घालून सौम्य केलेले असले, तरी ते पूर्ण ताकदीचे आहे असे मानून कर आकारला जाई. थोडक्यात, स्कॉचच्या बाटलीतील पाण्यावरही मद्याचा कर. म्हणूनच पुष्कळ स्कॉच पिंपांतून कडक अवस्थेत अमेरिकेत येई आणि तेथे पाणी घालून बाटलीबंद होई. १९७९ मधील व्यापार वाटाघाटींनंतर ही पद्धत संपली. ज्या देशाने दुसऱ्याच्या पाण्यावर कर घेतला त्याने युरोपच्या अन्यायाबद्दल गळा काढावा, याला मराठीत ‘चोराच्या उलट्या बोंबा’ म्हणतात.

मग बर्बनला युरोपात नाव मिळाले कधी? १९९४ मध्ये, आणि ते अदलाबदलीने. युरोपीय समुदाय आणि अमेरिका यांच्यात करार झाला. अमेरिकेने स्कॉच, आयरिश व्हिस्की, कोन्याक, आर्मान्याक, कॅल्व्हाडोस, ब्रँडी दे हेरेस ही नावे त्यांच्या धन्यांसाठी राखली. बदल्यात युरोपने बर्बन आणि टेनेसी ही नावे अमेरिकेसाठी राखली. १९९७ मध्ये दोन्ही बाजूंनी बहुतेक मद्यांवरील आयातशुल्कच शून्यावर आणले. ज्याला युरोपचा दरवाजा उघडणे म्हणतात ते हे. तारखा पाठ करायच्याच असतील तर या करा. यांचे रील निघत नाहीत, कारण यांत नायक नाही. आहेत ते दोन टेबलांवरचे कारकून आणि नावांची यादी.

दरवाजा उघडला तरी उंबरठा होताच. युरोपीय नियमांनुसार व्हिस्की म्हणजे धान्यापासून गाळलेले, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षे मुरलेले आणि किमान ४० टक्के मद्यार्क असलेले मद्य. अमेरिकेत ‘स्ट्रेट बर्बन’ या बिरुदाला दोन वर्षे पुरतात आणि नुसत्या ‘बर्बन’ला किमान मुदतच नाही. तेव्हा केंटकीत सन्मानाने विकली जाणारी दोन वर्षांची बर्बन हँबुर्गच्या दुकानात ‘व्हिस्की’ म्हणून उभी राहू शकत नाही. मोठ्या कंपन्यांचा माल सहसा याहून अधिक मुरलेला असतो, त्यांना चिंता नाही. अडतो तो नवा छोटा भट्टीवाला, ज्याला तिसऱ्या वर्षापर्यंत बँकेचे व्याज भरत थांबणे परवडत नाही.

आणि बाटली! अमेरिकेत प्रमाण बाटली ७५० मिलिलिटरची, युरोपात ७०० ची. युरोपीय संघात ठरावीक मापांचीच मद्यबाटली विकता येते आणि त्या यादीत ७५० नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० पर्यंत ७०० ची बाटली चालत नसे. म्हणजे तोच माल, त्याच पिंपातला, पण काच वेगळी, लेबल वेगळे, भरण्याची पाळी वेगळी, आणि उरलेला माल परत घरी विकण्याची सोय नाही. पन्नास मिलिलिटरच्या या फरकाने जितके छोटे निर्यातदार उंबरठ्यावर रोखले गेले असतील तितके चवीने खचितच नाही. यावर मात्र कोणी देशभक्तीपर पोस्ट लिहीत नाही.

येथे आपल्याशी जोडलेला एक धागा आहे. युरोपच्या व्याख्येतील ‘धान्यापासून’ हा शब्द भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बऱ्याच मालाला बाहेर ठेवतो, कारण त्याचा पाया उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. कोल्हापूर-सांगलीच्या साखरपट्ट्यातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. युरोपीय व्याख्येत तो माल व्हिस्की नव्हेच. हा नियम शुद्धतेचा की बाजार राखण्याचा? दोन्हींचा, असे माझे मत. व्याख्या लिहिणारा आपल्या अंगणातील पीक पाहूनच व्याख्या लिहितो. अमेरिकेने बर्बनसाठी नवीन, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपाची सक्ती केली तेव्हाही लाकूडवाले आणि पिंपवाले उपाशी राहिले नाहीत. एकदा वापरलेली ती पिंपे मग स्कॉटलंडला जातात आणि स्कॉचचा पुष्कळसा रंग व गंध त्यांतून येतो. युरोप अमेरिकन व्हिस्कीवर शुल्क लावत असतानाही अमेरिकन लाकूड आनंदाने विकत घेत होता.

आता २०१८. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क जाहीर केले. १ जूनपासून ते युरोपलाही लागू झाले. २२ जूनला युरोपीय संघाने उत्तर दिले आणि अमेरिकन व्हिस्कीवर २५ टक्के शुल्क बसले. व्हिस्कीच का? भांडण तर पोलादाचे होते. कारण केंटकी हे सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांचे राज्य, तर त्याच यादीतील हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचे विस्कॉन्सिन हे सभापती पॉल रायन यांचे. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांनी बर्बन, हार्ले आणि जीन्स ही नावे महिनोन्महिने आधीच उघड घेतली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फरक इतकाच की हा बंब नेम धरून सोडला होता.

याचा गल्ल्यावर काय परिणाम होतो ते जर्मनीचे दर घेऊन पाहू. उदाहरणापुरते समजा, ७०० मिलिलिटरच्या ४० टक्के मद्यार्काच्या बाटलीचे जकातमूल्य १० युरो आहे. शुल्क नसेल तर तिच्यावर सुमारे ३ युरो ६५ सेंट मद्यकर आणि मग एकूण रकमेवर १९ टक्के मूल्यवर्धित कर, मिळून सव्वासोळा युरो. २५ टक्के शुल्क लागले की तीच बाटली १९ युरो २२ सेंटची होते. अडीच युरोचे शुल्क गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो जवळपास तीन युरोचे होते, कारण करावर कर बसतो. आयातदार आणि दुकानदार यांचा नफा अजून यात धरलेलाच नाही.

मोठ्या कंपन्यांनी काय केले? शुल्क लागण्याआधीच माल समुद्रापार हलवून साठे वाढवले आणि नंतर भार काही प्रमाणात स्वतःच्या नफ्यातून सोसला. ब्रेमेनच्या गोदामांची आठवण झाली तर नवल नाही. ज्यांच्यापाशी ना साठा ना नफा, ते छोटे लोक बाजारातूनच उठले. अमेरिकन मद्य उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार युरोपीय संघाला जाणारी अमेरिकन व्हिस्की २०१८ मधील ५५ कोटी २० लाख डॉलरवरून २०२१ मध्ये ४४ कोटींवर आली. १ जानेवारी २०२२ रोजी शुल्क स्थगित झाले आणि २०२४ पर्यंत निर्यात जवळपास ७० कोटी डॉलरवर गेली. त्या तीन वर्षांत युरोपीयांची जीभ बिघडली आणि नंतरच्या तीन वर्षांत सुधारली, असे ज्यास म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे.

‘पण अमेरिकन माल होता, अमेरिकेला शिक्षा झाली, त्यात काय चुकले?’ असा प्रश्न येईल. तर मालकी पाहा. वाइल्ड टर्की २००९ पासून इटलीच्या कंपारीची. फोर रोझेस २००२ मध्ये जपानच्या किरिनने घेतली. जिम बीम आणि मेकर्स मार्क २०१४ पासून जपानच्या सनटोरीच्या ताब्यात. बुलेट ब्रिटनच्या डियाजिओची. युरोपीय संघाने मिच मॅकॉनेल यांच्यावर नेम धरून झाडलेल्या गोळीच्या वाटेत मिलानची कंपनीही उभी होती. आणि ‘अमेरिकन अभिमाना’च्या ज्या बाटल्यांची चित्रे आपले मित्र डकवतात, त्यांतील कित्येकींचा नफा ओसाकाला जातो.

चवीचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. युरोपात या व्हिस्कीचे मनापासून चाहते आहेत, आणि त्याचा सर्वांत मजेदार पुरावा फोर रोझेसचाच. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सीग्रॅम कंपनीने हिची खरी केंटकी स्ट्रेट बर्बन युरोप आणि जपानसाठी राखली आणि मायदेशी त्याच नावाने साधी मिश्र व्हिस्की विकली. हे चार दशके चालले. ज्या १९६४ मध्ये बर्बन अमेरिकेचा आत्मा ठरली म्हणतात, त्या वर्षी एक नावाजलेली बर्बन प्यायला अमेरिकन माणसाला युरोप गाठावा लागला असता! अर्थात हा निर्णयही चवीने घेतलेला नव्हता, कंपनीच्या विक्रीनीतीने घेतलेला होता. आणखी एक गंमत : जगभर सर्वाधिक खपणारी अमेरिकन व्हिस्की, जॅक डॅनियल्स, स्वतःला बर्बन म्हणवतच नाही, ती टेनेसी व्हिस्की. नावाचेच म्हणाल तर ‘बर्बन’ हे मुळात फ्रान्सच्या राजघराण्याचे.

नावाला किंमत येते ती अशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने आयात मद्यावरील १५० टक्के शुल्क फक्त बर्बनसाठी १०० टक्क्यांवर आणले. स्कॉच तेव्हा होती तेथेच राहिली. मुंबईच्या बंदरात दोन पिंगट बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात पन्नास टक्क्यांचा फरक लेबलावरच्या एका शब्दाने पडू लागला. तो शब्द १९६४ च्या ठरावाने पवित्र झाला म्हणून नव्हे. वॉशिंग्टनच्या भेटीआधी दिल्लीला काहीतरी देऊ करायचे होते म्हणून.

त्याच २०२५ चे युरोपीय वेळापत्रक पाहा. मार्चमध्ये ट्रम्प यांनी धातूंवरचे शुल्क पुन्हा कडक केले. युरोपने १ एप्रिलपासून अमेरिकन व्हिस्कीवर ५० टक्के लावण्याचे ठरवले. १३ मार्चला ट्रम्प यांनी युरोपच्या वाइन, शॅम्पेन आणि अन्य मद्यांवर २०० टक्क्यांची धमकी दिली. फ्रान्स, इटली आणि आयर्लंड यांचे धाबे दणाणले आणि ९ एप्रिलला मंजूर झालेल्या यादीतून बर्बन गुपचूप वगळली गेली. जुलैच्या मोठ्या यादीत ती परत आली. २७ जुलैला समझोता झाला आणि ऑगस्टमध्ये ती यादी सहा महिन्यांसाठी बासनात गेली. युरोपच्या मद्यांवर मात्र अमेरिकेचे १५ टक्के बसले. १९९७ चे ‘शून्यास शून्य’ निदान एका बाजूने तरी मोडले.

दरम्यान केंटकीच्या गोदामांत दीड कोटीहून अधिक पिंपे मुरत पडली आहेत. १८८० च्या दशकात होती तशी, १९५८ मध्ये होती तशी. जॅक डॅनियल्सची मालक असलेल्या ब्राउन-फोरमनने २०२५ च्या जानेवारीत आपला लुईव्हिलचा पिंपे बनवण्याचा कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. गोदामात पडलेल्या पिंपांवर केंटकी दरवर्षी मालमत्ता कर घेते. २०२३ च्या कायद्याने तो २०२६ पासून टप्प्याटप्प्याने उतरत २०४३ मध्ये संपायचा आहे.